केसाचे ऐंशी हजार भाग

माझ्या व्याख्यानाची सुरुवात ठरलेली असायची. पहिल्या रांगेतल्या एखाद्या बाईकडे मी डोक्यावरचा एक केस मागायचो. लोक हसायचे, ती लाजायची, मग शेजारीणच तिचा एक केस उपटून माझ्या हातात द्यायची. तो दोन बोटांत उंच धरून मी म्हणायचो, "याचे उभे ऐंशी हजार भाग करा. त्यातला एक घ्या. तेवढी जाडी म्हणजे साधारण एक नॅनोमीटर." एवढं बोलून थांबायचो. सभागृह चिडीचूप व्हायचं. खरं सांगतो, त्या शांततेची मला चटक लागली होती.

मी नागपूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. वर्गात मागच्या बाकांवरची मुलं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसायची आणि पुढच्या बाकांवरच्या मुली फक्त परीक्षेत काय येणार तेवढं विचारायच्या. बाहेर मात्र मला भाव होता. नॅनो तंत्रज्ञानावर सोप्या मराठीत बोलणारा माणूस हवा असला की बोलावणं मलाच यायचं. वाचनालयं, शिक्षकांचे मेळावे, नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांचं शिबिर, सगळीकडे मी जाऊन आलो. त्या शिबिरात माझ्याआधी बाटलीतलं नॅनो खत विकणारा एकजण बोलला. अर्धा लिटरची बाटली आणि पोतंभर खताचा गुण, असं तो छातीठोकपणे सांगत होता. मी खुर्चीत बसून चरफडत होतो.

कारण नॅनो म्हटलं की आजकाल काहीही खपतं. रंगाच्या डब्यावर नॅनो, मोज्यांच्या पाकिटावर नॅनो, पाण्याच्या फिल्टरवर नॅनो. काही ठिकाणी ते खरं असतं. चांदीचे अतिसूक्ष्म कण जंतू मारतात, जस्ताच्या भस्माचे कण मलमातून ऊन अडवतात, कापडाला पाणी धरू देत नाहीत असेही कण आहेत. पण निम्म्या ठिकाणी नुसती नावाची चिकटपट्टी असते. या चिकटपट्टीवाल्यांची मी व्याख्यानात यथेच्छ टर उडवायचो, आणि लोक पोट धरून हसायचे. आपणही त्याच धंद्यात आहोत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

व्याख्यानातलं माझं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मिरचीचं होतं. ते माझं नव्हतं, माझ्या बहिणीचं होतं.

ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणायचो, आमच्याकडे मोठ्या बहिणीला असंच म्हणतात. आमचं गाव भिवापूरजवळ. तिथं मिरचीचे ढीग पडतात आणि बायका दिवसभर त्यांच्याभोवती बसून देठ खुडतात. बाई चौथीपर्यंत शिकली आणि आईसोबत तिथं जाऊन बसली. मी तिच्या मांडीपाशी पाटी घेऊन बसायचो. एकदा मी तिला विचारलं, अख्खी मिरची हातात घेतली तर काही होत नाही, मग कुटताना सगळ्या गल्लीला ठसका का लागतो? ती हात न थांबवता म्हणाली, "मिरची तेच असते गा. बारीक झाली का तिचा सोभाव बदलते."

नॅनो तंत्रज्ञानाचा अर्थ याहून नेमका मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. पदार्थ तोच. तो बारीक, आणखी बारीक, अतोनात बारीक करत गेलं की त्याचं बाहेर उघडं पडलेलं अंग वाढत जातं आणि त्याचा स्वभाव बदलतो. सोनं पिवळं राहत नाही. चांदी जंतूंच्या जिवावर उठते. कोळशाच्या जातीचा कार्बन पोलादाला भारी पडतो. मी हे सगळं मिरचीवरून सांगायचो आणि बाईचं वाक्य स्वतःचं म्हणून वापरायचो.

लग्नानंतर ती उत्तर नागपुरातल्या एका बस्तीत आली. भाऊजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. कळमन्याच्या बाजारातून मिरचीचं पोतं आणायचं, घरीच देठ खुडायचे, वाळवायची, कांडपावरून दळून आणायची आणि ओळखीच्या घरी तिखट पुरवायचं, यावर तिचं छान चाललं होतं. मीही सुरुवातीला त्याच बस्तीत राहायचो. नोकरी पक्की झाली तसा शहराच्या दुसऱ्या टोकाला, फ्लॅटमध्ये गेलो. तिच्या घरी जाणं सणावारावर आलं. ती तक्रार करायची नाही. वर्षाचं तिखट मात्र स्वतः आणून द्यायची.

एकदा मी तिला माझ्या प्रयोगशाळेत नेलं होतं. त्या काळात मला एक छोटा संशोधन प्रकल्प मिळाला होता, सोन्याच्या सूक्ष्म कणांवर. करायला गेलं तर फार मोठं काही नव्हतं. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायचं आणि त्यात लिंबाच्या आम्लापासून बनलेल्या एका क्षाराचं पाणी घालायचं. बघता बघता ते पाणी आधी काळपट होतं, मग जांभळट आणि शेवटी लालभडक. बाईच्या डोळ्यांसमोर मी ते केलं. ती तोंडाला पदर लावून बघतच राहिली.

"हे सोनं हाय?"

"हो."

"सोनं तं पिवळं असते."

"बारीक केलं की लाल होतं."

"मिरचीवानी?"

"मिरचीवानीच."

मग तिनं विचारलं, "हे कोणाले द्याचं असते?" मी सांगितलं की आज कोणालाच नाही, पण पुढं या कणांवर औषध बसवून गाठीच्या आजाराच्या माणसाला देता येईल. "अन् ते तू बनवून राहिला?" मी हो म्हणालो. जगभरात शेकडो लोक यावर काम करत होते आणि माझा वाटा त्यात चिमूटभरसुद्धा नव्हता, हे तिला सांगायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी सांगितलं नसतं.

आता त्या रविवारबद्दल सांगतो.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बस्तीतल्या आमच्या बुद्धविहारात वर्षावास असतो. रोज दुपारी बायका पांढऱ्या साड्या नेसून जमतात, एकजण ग्रंथ वाचते, बाकीच्या ऐकतात. रविवारी बस्तीतून शिकून बाहेर पडलेल्या कोणाचं तरी व्याख्यान असतं. डॉक्टर, वकील, बँकेतला साहेब, मास्तर, जो असेल त्याला बोलावतात आणि त्याने यायचंच असतं. ऐकायला येणाऱ्या बायका वही आणि पेन घेऊन येतात. ज्यांच्या आज्यांना कोणी पाटीला शिवू दिलं नाही, त्या या बायका. माझी आजी छप्पन साली दीक्षेला मैदानावर होती आणि तिला मरेपर्यंत सही करता आली नाही. तिच्या नाती-नातसुना आता शिकलेल्या माणसाचा शब्द खाली पडू देत नाहीत, लिहून घेतात. कोणी काही चुकीचं सांगेल अशी शंका त्यांना येत नाही. आपल्यातला शिकलेला माणूस आपल्याला चुकीचं कशाला सांगेल?

त्या रविवारी मी नॅनोवर बोललो. पहिल्या रांगेत बाई बसली होती, मांडीवर वही. मी केस मागितला तर तिनं दुसऱ्या कोणाला हातच लावू दिला नाही. स्वतःचा एक लांब पांढरा केस उपटून मला दिला आणि सगळ्यांकडे वळून बघितलं, हा माझा भाऊ म्हणून. मग ऐंशी हजार भाग झाले, मिरची झाली, चिकटपट्टीवाल्यांची टर झाली. मिरचीच्या वेळी ती इतकी हसली की तिचा पेन खाली पडला.

शेवटी मी औषधावर आलो. कॉलेजात हा भाग बोलताना मी जपून बोलायचो. संशोधन चालू आहे, अडचणी खूप आहेत, प्रयोगशाळेत जमलेलं माणसाच्या अंगात जमेलच असं नाही, असं सगळं सांगायचो. विहारात ते सगळं गाळलं. आपली माणसं होती, समोर बहीण होती, आणि टाळ्यांचा सूर लागला होता. मी म्हणालो, "आज गाठीवरचं औषध अंगभर फिरतं, म्हणून केस गळतात, माणूस खंगतो. उद्या औषधाचा कण इतका बारीक असेल की तो रक्तातून नेमका गाठीपाशी जाईल आणि तिथंच उघडेल. चिरफाड नाही. केस जाणार नाहीत. तुमच्याच नागपुरात यावर काम चालू आहे. फक्त थोडी वाट पाहा."

टाळ्या झाल्या. त्यांच्याआधी क्षणभर पेनांची कुरकुर ऐकू आली होती. मला तीही आवडली होती.

त्यानंतर बाईचा दर रविवारी फोन येऊ लागला. आधी ती महिना महिना फोन करायची नाही. फोनवर इकडचं तिकडचं झालं की शेवटी हमखास विचारायची, "झालं का गा काम तुह्यं?"

मला वाटायचं, सगळे विचारतात तसं विचारते आहे. मी म्हणायचो, "चालू आहे, बाई. वेळ लागतो."

खरी गोष्ट अशी की काहीही चालू नव्हतं. प्रकल्पाची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. कण मोजायचं यंत्र बंद पडून त्यावर चादर टाकलेली होती. ज्या चंबूत तिनं सोनं लाल होताना बघितलं, तो धुऊन कपाटात ठेवलेला होता आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे मला माहीत नव्हतं. पण बहिणीला कसं सांगणार? तिनं अख्ख्या बस्तीत माझं कौतुक करून ठेवलेलं. 'चालू आहे' हे दोन शब्द तोंडातून सहज निघायचे. त्यात कोणाचं काय जाणार होतं?

होळी झाली. ऊन तापू लागलं. बाई वर्षाचं तिखट घेऊन घरी आली. माझ्या बायकोनं दार उघडलं. बाई पिशवी नेहमी डाव्या काखेत धरायची, त्या दिवशी उजव्या हातात होती आणि डावा हात तिनं अंगाला चिकटवून धरला होता. बायकोच्या लक्षात आधी ते आलं आणि मग वास आला. तिखटाच्या वासातूनही तो आला, असं ती नंतर म्हणाली. ती बाईला आतल्या खोलीत घेऊन गेली. मी बाहेर पेपर वाचत होतो. दहा मिनिटांनी बायको बाहेर आली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या यांना," ती म्हणाली. "गाठ फुटली आहे."

छातीतली गाठ. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. दुखणं यकृतात पोचलं होतं, पाठीच्या मणक्यात पोचलं होतं. आता शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. मग चष्मा काढून त्यांनी बाईला विचारलं, "कधीपासून आहे ही गाठ?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

"मग इतके दिवस काय करत होता?"

बाईनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "राहून गेलं."

परत येताना गाडीत मी तिच्यावर ओरडलो. माझा राग वाईट आहे, आणि भीती वाटली की तो आणखी वाईट होतो. शिकलेल्या भावाची बहीण ना तू, मी म्हणालो. अडाणी बायांसारखं लपवून ठेवलंस. लाज वाटली का? मला का नाही सांगितलंस? ती खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "तुले राग येणं बरोबर हाय." बस, एवढंच. मला वाटलं, चूक कबूल केली.

तिला मी माझ्या घरी आणलं. औषधं सुरू झाली. पहिल्या औषधाचा उपयोग होईना, तेव्हा डॉक्टरांनी दुसरं काढलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, हे तुमच्याच विषयातलं आहे. नॅनो औषध." माझ्या तोंडचा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना कसंसंच झालं. त्यांनी समजावून सांगितलं, खरं म्हणजे मला समजावायची गरज नव्हती. जुनंच औषध, पण रक्तात असतं त्या जातीच्या प्रथिनात गुंडाळलेले त्याचे कण, शे-सव्वाशे नॅनोमीटरचे. त्यामुळे ते पाण्यात कालवून शिरेतून देता येतं आणि गाठीपर्यंत थोडं जास्त पोचतं. "बरी होईल?" मी विचारलं. ते म्हणाले, "थोडे महिने मिळतील." नॅनो तंत्रज्ञानाचा खरा उपयोग मी असा शिकलो. थोडे महिने मिळतात, आणि तेही काही कमी नाहीत. विहारात मी एवढंच सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

सलाइनच्या दांडीला बाटली लावली. औषध दुधासारखं पांढुरकं होतं. बाई त्याकडे टक लावून बघत होती.

"हे तं पांढरं हाय गा."

"हो, असंच असतं."

"तुह्यावालं लाल होतं."

"ते वेगळं, बाई."

"मंग तुह्यावालं कवा?"

सुई लावणारी नर्स हसली. मीही हसलो. बाईसुद्धा हसली, पण आमच्यानंतर, आणि आमच्याकडे बघून. ते हसू माझ्या अजून लक्षात आहे.

पंधरा दिवसांत केस गळू लागले. हे औषध नॅनो असलं तरी केस गळतातच, हे मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नव्हतं. एका सकाळी तिनं मला हाक मारली. उशीवरचे केस गोळा करून तिनं पेपरच्या तुकड्यात पुडी बांधली होती. "घे. तुह्या भाषणाले कामी येतीन. आता कोणाले मांगाची गरज नाई." ती चेष्टाच करत होती. मी पुडी घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

नंतर बोटं बधिर झाली. तिनं हट्टानं पावशेर मिरची मागवून घेतली होती, नुसतं बसवत नाही म्हणाली. बाल्कनीत बसून देठ खुडू लागली. ज्या बोटांनी तिनं आयुष्यभर न बघता देठ खुडले, त्यांना आता देठ कुठं आहे ते कळत नव्हतं. मिरची चिमटीतून निसटायची. तिनं तीन-चार वेळा केलं, मग ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "वं पोरी, हे तूच करून घे." माझ्या बायकोला ती कधी काम सांगत नसे.

त्याच पावसाळ्यात कॉलेजच्या महिला मेळाव्यात मी आरोग्यावर चार शब्द बोललो. मी म्हणालो की आपल्या बायका आजार लपवतात, लाजेपायी आणि अज्ञानापायी जीव गमावतात, माझ्या नात्यातच असं उदाहरण आहे. सभागृह चिडीचूप झालं होतं. घरी येऊन मी बाईला खजुराचं पाकीट आणि पेढे दिले, मेळाव्यात मिळालेले.

थंडी सुरू झाली तेव्हा ती गेली. सकाळचे नऊ वाजले होते. बायको तिला चमच्यानं चहा पाजत होती आणि तिसरा चमचा तिनं गिळला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्या घरीच ठेवला. बस्तीतल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या. वंदना झाली. वर्षावासात ग्रंथ वाचणाऱ्या शेजारच्या काकू बाईच्या सगळ्यात जवळच्या. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मी नेहमीचंच बोलायला लागलो, की बाईनं वेळेवर सांगितलं असतं तर, लपवलं नसतं तर.

काकूंनी मला मध्येच थांबवलं. "नाई सर, तिनं आमाले सांगतलं होतं. मागच्या सालच्या वर्षावासातच सांगतलं."

"मग तुम्ही तिला दवाखान्यात का नाही नेलं?"

"नेत होतो ना. मी सोता रिक्षा आणला होता दारापाशी." काकू म्हणाल्या. "ती म्हणे, दवाखान्यात गेली का कापतीन. माझा भाऊ औषध बनवून राहिला, लाल रंगाचं, मी माह्या डोयानं पाहून आली. त्याचं होऊ द्या. तो म्हणला ना विहारात, थोडी वाट पाहा."



"तुमाले काहून नाई सांगतलं तेही इचारलं मी," काकू म्हणाल्या. "तं म्हणे, त्याले सांगतलं तं तो घाई करन. घाईत काम बिघडते."

मग त्यांनी पदराखालून वही काढली. बाई माझ्या घरी राहायला आली तेव्हा तिनं ती काकूंकडे ठेवायला दिली होती. भावाले दाखवू नोका, असं बजावून. "पण आता कोणाची गोष्ट राखू?" काकू म्हणाल्या आणि वही माझ्या हातात देऊन उठून गेल्या.

शाळेची साधी वही. चौथीतलं मोठं, गोल अक्षर. माझ्या व्याख्यानाचं पान सापडायला वेळ लागला नाही, वर 'भाऊ' असं लिहून भोवती चौकट केली होती. खाली लिहिलं होतं:

'नॅनो म्हणजे लई बारीक. केसाचे ऐंशी हजार भाग, त्यातला एक.

मिरची अख्खी गप. कुटली का तापट. (हे माझं हाय.)

गाठीचं औषध बरोबर गाठीवर जाते. चिरफाड नाही. केस जात नाही. नागपुरातच होऊन राहिलं.

फक्त थोडी वाट पाहा.'

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी पान उलटलं. पुढच्या रविवारचं व्याख्यान दुसऱ्या कोणाचं होतं, पण कोपऱ्यात लिहिलं होतं, 'भावाले विचारणे.' त्यावर काट मारून पुढं, 'चालू हाय म्हणे.' त्यापुढच्या रविवारी पुन्हा 'भावाले विचारणे', पुन्हा काट, 'वेळ लागते म्हणे.' आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, व्याख्यानं संपली, तरी वही संपली नव्हती. पानापानावर फक्त ती एक ओळ होती. भावाले विचारणे. चालू हाय म्हणे. भावाले विचारणे. आज घाईत होता. भावाले विचारणे. चालू हाय म्हणे. होळीपर्यंत अठ्ठावीस वेळा. शेवटच्या दोन-तीन ओळींतलं अक्षर वाकडं झालं होतं.

एकदा जरी मी म्हणालो असतो, बाई, ते काम केव्हाच बंद पडलं, तरी ती दुसऱ्या दिवशी काकूंच्या रिक्षात बसली असती. तिला वाट बघायची हौस नव्हती. मी चालू आहे म्हणालो म्हणून ती थांबली.

या वर्षी वर्षावासात विहारातून फोन आला, सर, एक रविवार द्या. मी आधी नाही म्हणालो. मग चार दिवसांनी स्वतःच फोन करून हो म्हणालो. विषय कोणता लिहायचा, त्यांनी विचारलं. तोच, मी म्हणालो.

पहिल्या रांगेत काकू होत्या, आणि त्यांच्या शेजारची जागा कोणी घेतली नव्हती. मी केस मागितला नाही. मिरचीही सांगितली नाही. बाईची वही उघडली आणि म्हणालो, "ही माझ्या बहिणीची वही आहे. मी इथं जे बोललो होतो ते तिनं लिहून घेतलं होतं. ते आधी वाचतो." माझा बेत असा होता की पान वाचायचं आणि मग एकेक ओळ घेऊन सांगायचं, यातलं काय खरं, काय खोटं, आणि कशानं काय झालं.

मी वाचू लागलो. आवाज कापत होता म्हणून सावकाश वाचत होतो. नॅनो म्हणजे लई बारीक. मिरची अख्खी गप. चिरफाड नाही. केस जात नाही. वाचता वाचता मला ती ओळखीची कुरकुर ऐकू आली. वर बघितलं तर चाळीस-पन्नास माना खाली झुकलेल्या होत्या. मी सावकाश वाचतोय म्हणजे लिहून घ्यायला सांगतोय, असं त्या समजल्या होत्या. सगळ्या लिहीत होत्या. शेवटची ओळ माझ्या तोंडून निघून गेली होती आणि मधल्या रांगेतली एक तरुण बाई त्या ओळीखाली रेघ ओढत होती.

"ते लिहू नका!" मी ओरडलो. "खोडा ते, खोडा आधी!"

पेन थांबले. विहारात सगळ्या दचकून माझ्याकडे बघत होत्या. काकूंनी तोंडावर पदर घेतला होता. भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, चुकलेल्या पोरासारखं, आणि विचारलं, "मंग काय लिहू गा?"

मी वही मिटली. म्हणालो, "लिहा. गाठ लागली तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जायचं. कोणाची वाट पाहायची नाही. माझी तर नाहीच. मी कुठलंही औषध बनवत नव्हतो. बहीण विचारायची तेव्हा मी खोटं सांगायचो."

"हळू सांगा सर," म्हातारी म्हणाली, "लिहून राहिलो."

मी पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द. त्यांनी सगळं लिहून घेतलं.